परदेशात भाड्याने गाडी घेऊन स्वतः चालवली आहे? तुमचे अनुभव लिहा

ज्यांनी परदेशात भाड्याने गाडी घेऊन स्वतः चालवली आहे, त्यांनी इथे सविस्तर लिहावं ही विनंती. काय पाहिलं ते थोडं कमी चालेल, रस्त्याबद्दल आणि गाडीबद्दल जास्त हवं. माझं मत आधीच सांगतो. पावसाळ्यात ताम्हिणीतून गाडी नेणाऱ्याला स्टिअरिंगची भीती वाटायचं कारण नाही. अडतं ते काउंटरवरच्या कागदांत, विम्याच्या बारीक अक्षरात आणि त्याहून जास्त म्हणजे तिथली माणसं एकमेकांना वाट कशी देतात ते ठाऊक नसण्यात. तुम्ही गेलात तिथे कोण कुणासाठी थांबतं, हे जरूर लिहा.

कागदांचं एकदाच सांगून ठेवतो. आपला परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. सगळे त्याला आयडीपी म्हणतात. सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. नुसता तो दाखवून भागत नाही, मूळ परवान्याचं कार्ड बरोबर लागतंच. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं आणि त्यावर डिपॉझिट अडकवून ठेवण्याइतकी मर्यादा शिल्लक हवी. फॉरेक्स कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला गाडी घेतली आणि उत्तर किनाऱ्याने फिरलो. बाजू आपलीच, डावी. पाहुण्यांना ब्रिटनमध्ये आपल्या परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते. अभ्यास करावा लागतो तो तिथल्या एकपदरी रस्त्यांचा. रुंदी एका गाडीपुरती, वाहतूक दोन्ही बाजूंची आणि थोड्या थोड्या अंतरावर 'पासिंग प्लेस' अशी पाटी असलेली रुंद जागा. ती आपल्या डाव्या हाताला असेल तर आपण आत शिरायचं. उजव्या हाताला असेल तर तिच्यात घुसायचं नाही, तिच्या समोर रस्त्यावरच थांबायचं. समोरून येणारा तिच्यात वळतो आणि आपल्याला ओलांडून जातो. चढण चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा आपल्या घाटांतला नियम तिथेही आहे. मागून स्थानिक गाडी आली तर त्याच जागेत थांबून तिला पुढे जाऊ द्यायचं. त्या गाडीत कामावर निघालेली नर्स असेल, मेंढ्यांकडे चाललेला शेतकरी असेल. आपण सुट्टीवर असलो तरी ते नसतात.

ॲपलक्रॉसला जाणारा बेलाख ना बा हा घाट ६२६ मीटर उंचीवर जातो. पायथ्याशीच मोठी पाटी आहे: शिकाऊ चालकांनी, मोठ्या वाहनांनी, कॅराव्हॅननी जाऊ नये. ती मनापासून वाचावी. आणखी एक. मद्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे, पण बऱ्याच व्हिस्की डिस्टिलरींत गाडी चालवणाऱ्याचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात. मला ही पद्धत फार आवडली.

* * *

आम्ही मैत्रिणींनी आइसलँडला गाडी घेतली. चालवणाऱ्या दोघीच, मी आणि नाशिकची एक जण. तिथे रस्त्याची बाजू उजवी आहे, पण आमचा सगळा वेळ वाऱ्याशी झुंजण्यात गेला. काउंटरवरच्या मुलीने पहिली सूचना दिली ती दाराची: दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वारा पाठीमागून आला तर दार बिजागरीपासून उलटं फिरतं आणि हे नुकसान नेहमीच्या विम्यात धरत नाहीत. आम्ही गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायचो.

विम्याबद्दल मी पोटतिडकीने सांगते. साधा विमा म्हणजे नुकसानीचा ठरावीक रकमेपर्यंतचा वाटा आपला, त्यावरचा कंपनीचा. यातून काचा, टायर आणि गाडीचा तळ अनेकदा वगळलेले असतात. आइसलँडमध्ये खडीचा वेगळा विमा आणि वाळू-राखेचा वेगळा विमा मिळतो. दक्षिण किनाऱ्यावर काळ्या वाळूची वादळं येतात, ती गाडीचा रंग खरवडून काढतात. आम्ही दोन्ही घेतले. समोरून गेलेल्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला आणि काचेला तडा गेला, तेव्हा परत करताना एक पैसाही द्यावा लागला नाही. नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरलं तर मात्र बहुतेक विमे वाचवत नाहीत. ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी एफ हे अक्षर असतं ते डोंगराळ रस्ते फक्त फोर बाय फोर गाड्यांसाठी आहेत आणि साधारण उन्हाळ्यातच उघडतात. लहान गाडी घेऊन तिकडे वळूच नका.

वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ९०, खडीच्या रस्त्यावर ८०. डांबर संपून खडी लागते तिथेच गाड्या घसरतात, म्हणून पाटी दिसली की आधीच पाय काढायचा. हेडलाइट दिवसाही चालू. पूल बरेचसे एकपदरी आहेत, जो आधी पोचेल तो आधी जातो. दोन पदरी गोल चौकात आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्याला बाहेरच्या पदरातल्याने वाट द्यायची असते. इतर देशांतून चालवून आलेल्यांनाही हे माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि रस्ता सोडून शेवाळावर गाडी घालायला कायद्याने बंदी आहे. चाकांनी उखडलेलं ते शेवाळ भरून यायला कित्येक दशकं लागतात.

* * *

आम्ही पणजीचे. इटलीत टस्कनी पाहायला गाडी घेतली, नवरा चालवणारा, मी नकाशावाली. इटलीत आयडीपी कायद्यानेच लागतो. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना अशा जुन्या शहरांच्या गाभ्यात झेडटीएल नावाचे मर्यादित वाहतुकीचे भाग असतात. लाल वर्तुळाची पाटी, वर कॅमेरा, अडवणारं कुणी नाही. परवानगीशिवाय आत गेलेल्या गाडीचा क्रमांक टिपला जातो, भाड्याच्या कंपनीकडून पत्ता घेतला जातो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. आत जितक्या वेळा जाल तितके दंड, शिवाय पत्ता कळवल्याबद्दल कंपनी वेगळे पैसे कापते. नेव्हिगेशन खुशाल आत नेतं.

यावर आमचा उपाय: फ्लॉरेन्समध्ये गाडी न्यायचीच नाही. ए-१ महामार्गावर व्हिला कोस्तांझा नावाचा वाहनतळ आहे, तिथे सरळ महामार्गावरून शिरता येतं आणि दारातून टी-१ ट्राम शहरात जाते. गाडीचं सुख टस्कनीच्या टेकड्यांमध्ये आहे. व्हाल दोर्चा या खोऱ्यातल्या सायप्रस झाडांच्या रांगांमध्ये जिथे वाटेल तिथे थांबता येतं, ते बसवाल्यांच्या नशिबी नाही. पार्किंगच्या रेघा पांढऱ्या असतील तर बहुतेक फुकट, निळ्या असतील तर पैसे, पिवळ्या असतील तर ती जागा आपली नव्हे.

* * *

इटलीहून पुढे स्वित्झर्लंड किंवा ऑस्ट्रियात जाणार असाल तर गाडी घेतानाच सीमा ओलांडणार असल्याचं सांगा, काही कंपन्या नाकारतात. दोन्हीकडे महामार्गांसाठी विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोलचा पास, लागतं. स्वित्झर्लंडचं ४० फ्रँकचं, वर्षाचंच मिळतं, २०२३ पासून ऑनलाइनही. मी जर्मनीत राहतो, इथलं एकच सांगतो: महामार्गावर वाहतूक तुंबली की सगळ्यात डाव्या पदरातल्या गाड्या डावीकडे सरकतात, बाकीच्या सगळ्या उजवीकडे, मधे रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी. सायरन वाजायची वाट पाहत नाहीत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

* * *

मी बहात्तरीचा, सांगलीचा. मुलगा कॅलिफोर्नियात आहे. दरवेळी त्याच्या सुट्टीवर अवलंबून राहायचं मला पटेना, म्हणून भाड्याची गाडी घेऊन आम्ही दोघं मोंटेरेपासून सान लुईस ओबिस्पोपर्यंत समुद्राच्या कडेकडेने गेलो. कॅलिफोर्नियात पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. आयडीपी मी तरीही नेला होता.

समवयस्कांना सांगतो, घाबरू नका. गाडी ऑटोमॅटिक असते, डावा पाय स्वस्थ ठेवायचा. मुलाने रिकाम्या पार्किंगमध्ये सकाळी सराव करून घेतला. उजव्या बाजूचा एकच मंत्र त्याने दिला: चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेच्या बाजूला. डावीकडे वळताना हे पुन्हा आठवायचं, कारण चुकीच्या पदरात शिरण्याचा धोका तिथेच सर्वांत जास्त.

चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेला चौक मला अमेरिकेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटली. पोलीस नाही, सिग्नल नाही. प्रत्येकाने पूर्ण थांबायचं, चाक फिरता कामा नये, आणि जो आधी आला तो आधी निघतो. एकाच वेळी आले तर उजवीकडच्याला आधी मान. लाल दिव्यावर पूर्ण थांबून, कुणी नाही पाहून उजवीकडे वळता येतं. न्यू यॉर्क शहरात हे चालत नाही. पिवळ्या शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर मागच्या गाड्यांनी थांबायचंच, आणि मधे दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही. पोलिसांनी मागून दिवे लावले तर उजव्या कडेला थांबून गाडीतच बसून राहावं, हात स्टिअरिंगवर. आपल्यासारखं उतरून बोलायला जाऊ नये.

पेट्रोलच्या पंपावर आपल्या कार्डाला तिथला पिनकोड मागतात. तेव्हा आत दुकानात जाऊन आगाऊ पैसे भरले की काम होतं. गोल्डन गेट पुलावर टोल घेणारं कुणी नाही, २०१३ पासून सगळं कॅमेऱ्याने. गाडीवर टोलची काय सोय आहे ते ताब्यात घेतानाच विचारावं.

* * *

क्रुगर राष्ट्रीय उद्यान, दक्षिण आफ्रिका. बाजू डावी. साधी सेडान पुरते, मुख्य रस्ते डांबरी आहेत. वेग डांबरावर ५०, मातीवर ४०, पण प्राणी पाहायचे असतील तर याच्या निम्माच ठेवा. गाडीतून उतरायचं नाही. हत्तींचा कळप रस्त्यावर असेल तर इंजिन चालू ठेवून लांब थांबायचं आणि मागे जाण्याची वाट मोकळी ठेवायची. फाटकं संध्याकाळी बंद होतात, वेळ महिन्याप्रमाणे बदलते.

* * *

न्यूझीलंडचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. 'ते आनाऊ' या गावाहून मिलफर्ड साउंड या खाडीपर्यंतचा रस्ता साधारण १२० किलोमीटर. वाटेत पेट्रोलची खात्री नाही, टाकी ते आनाऊलाच भरा. हिवाळ्यात बर्फाच्या साखळ्या गाडीत बाळगणं सक्तीचं असतं, तेव्हा त्या चढवायच्या कशा हे भाड्याच्या काउंटरवरच करून बघा. हिमस्खलनाच्या पट्ट्यात थांबायला मनाई आहे. १९५४ साली सुरू झालेला होमर बोगदा उतारावर आहे. बोगद्याबाहेर थांबावं लागलं तर किआ पोपट येऊन गाडीची रबरं कुरतडतात, त्यांना काही खायला घालू नका. एकपदरी पुलांवर दोन बाण असतात, आपला लाल आणि लहान असेल तर आपण थांबायचं.

* * *

जपान. नवरा, मी, चार वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या माझ्या सासूबाई. रेल्वे तिथली अप्रतिमच, पण मोठ्या स्टेशनांतलं चालणं त्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून होक्काइदो बेटावर गाडी घेतली. बाजू डावी. जपान फक्त १९४९ च्या रस्ते वाहतुकीविषयीच्या जिनिव्हा करारातला आयडीपी मानतो, आपला त्यातलाच आहे. कागदी पुस्तिका हातात हवी, फोटो चालत नाही.

लाल, उलट्या त्रिकोणाची पाटी म्हणजे पूर्ण थांबा. रेल्वे फाटक उघडं असलं तरी त्याआधी थांबून दोन्हीकडे पाहायचं. महामार्गासाठी गाडीबरोबर ईटीसी, म्हणजे आपोआप टोल भरणारं कार्ड, मागून घेतलं. गाडीतल्या नेव्हिगेशनमध्ये हॉटेलचा फोन क्रमांक टाकला की रस्ता दाखवतं, त्यामुळे जपानी अक्षरांवाचून अडलं नाही. रस्त्याच्या कडेला खांबांवरून खाली रोखलेले लाल-पांढरे बाण दिसतात. ते हिवाळ्यात बर्फाखाली रस्त्याची कड कुठे संपते ते दाखवतात.

सासूबाईंसाठी सर्वांत मोलाची निघाली ती मिचि-नो-एकी, म्हणजे सरकारमान्य रस्त्याकडेची विश्रांतिस्थानं. देशभरात १२०० हून जास्त आहेत. पार्किंग आणि स्वच्छतागृह चोवीस तास, फुकट, स्वच्छतागृहात आधाराच्या कड्या, आत जवळच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला. रोजचा मार्ग आम्ही यांवरूनच आखायचो. सासूबाई प्रत्येक ठिकाणी उतरायच्या, मका किंवा खरबूज निवडून घ्यायच्या आणि दुकानातल्या बाईंशी मराठीत बोलायच्या. मुंबई-गोवा रस्त्यावर बायकांसाठी अशी सोय व्हावी म्हणून मी जिथे जमेल तिथे लिहिते आहे.

सहा वर्षांखालच्या मुलांना जपानमध्ये चाइल्ड सीट सक्तीची आहे. ती आरक्षण करतानाच मागा, वजन आणि उंची सांगून. आयत्या वेळी योग्य मापाची मिळेलच असं नाही.