अनुभव धागा: घर सोडून यावं लागलं तेव्हा कोण पाठीशी उभं राहिलं?

आमच्या दापोलीच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत एक किल्ली आहे. कुवेतच्या सालमियामधल्या खोलीची. बाबा तिथे एसी मेकॅनिक होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौज शिरली. काही दिवसांनी बाबा निघाले ते खोलीला नीट कुलूप लावून. चार दिवसांत परत येऊ, असंच सगळ्यांना वाटत होतं.

बसने बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द. वाळवंटातल्या तंबूत अकरा दिवस. पाण्याच्या टँकरसमोर रांग लागायची तेव्हा बाबा चपला हातात धरायचे, कारण रेटारेटीत त्या गेल्या तर दुसऱ्या मिळणार नव्हत्या. मग अम्मानहून एअर इंडिया. त्या काळात एअर इंडियाने ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून जास्त माणसं आणली. त्यात रत्नागिरी-रायगडातली किती घरं होती ते खेड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्यांना विचारा. बाबा मुंबईत सहार विमानतळावर उतरले तेव्हा हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. आईने आधी त्यांना ओळखलंच नाही.

पुढे नुकसानभरपाईचे फॉर्म निघाले. बाबांना २५०० डॉलरच्या हिशेबाने रक्कम मिळाली, तीही काही वर्षांनी. पैसा इराकच्या तेलाचा होता, संयुक्त राष्ट्रांमार्फत आलेला, पण फॉर्म गोळा करणं, तपासणं, पैसे पोचवणं हे काम आपल्या सरकारने केलं. त्या पैशात आमच्या घरावर स्लॅब पडला.

हे सांगण्याचं कारण असं. केंद्रीय गृह मंत्रालयाची स्थलांतरित आणि परत आलेल्यांच्या मदत व पुनर्वसनाची एक योजना आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी तिला १४५२ कोटी मंजूर झाले होते. श्रीलंकेतून आलेले तमिळ, तिबेटी, मिझोराममधून त्रिपुरात आलेले ब्रू आदिवासी, पाकव्याप्त काश्मीर आणि सीमेवरच्या छांब भागातून आलेली कुटुंबं, १९८४ च्या शीखविरोधी दंगलीतले पीडित, असे अनेक जण त्यात येतात. आपण संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणजे या माणसांची भिस्त फक्त बजेटमधल्या तरतुदीवर. कायदा असता तर त्याच्यावर बोट ठेवता आलं असतं. इथे आकडा खाली आला की तिकडे थेट एखाद्याचं रेशन जातं.

पुढच्या वर्षांसाठी हा आकडा कापू नका, असं आपल्या खासदारांना सांगायचं आहे. त्याआधी तुमचे अनुभव लिहा.

म्हसळ्याहून
आमचे हे येमेनमध्ये एडनला हॉटेलात होते. २०१५ च्या मार्चमध्ये बॉम्ब पडायला लागले. फोन लागायचा नाही, लागला तर मागे आवाज ऐकू यायचे. नौदलाचं सुमित्रा जहाज एडनला लागलं आणि ३४९ माणसांना जिबूतीला घेऊन गेलं, त्यात हे होते. तिथून हवाई दलाच्या विमानाने मुंबई. तिकिटाचा एक पैसा कुणी मागितला नाही. जहाजावर एका पोराने यांना स्वतःचा टॉवेल दिला, तो अजून घरात आहे. मी सही करते, आणि मोहल्ल्यातल्या बायकांच्याही आणते.

राजापूर, सध्या निवृत्त
मी शिक्षक. बदलीवर सात वर्षं गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात होतो. तिथे गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. महाराष्ट्रात तिबेटी वसाहत आहे हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. दिवाळी झाली की कमावती माणसं स्वेटरची गाठोडी घेऊन मोठ्या शहरांकडे जायची आणि वसाहतीत उरायची म्हातारी माणसं आणि पोरं. एक आजी नातवाला शाळेत सोडायला यायच्या. मराठी मोडकं, पण "गुरुजी, ह्याला गणित येत नाही" हे वाक्य अगदी स्वच्छ. पोरगा इथलाच जन्मलेला, तरी त्यांच्याकडे परदेशी म्हणून नोंदणीचं पुस्तक, ते ठरल्या मुदतीत नूतन करायचं. वसाहतींच्या कारभाराला आणि समाजकल्याणाला केंद्राकडून २०१५ पासून वर्षाला ८ कोटी मिळत आले आहेत, देशभरच्या सगळ्या वसाहतींना मिळून. एका घाटरस्त्याच्या डांबरीकरणाएवढे पैसे. त्यातही कपात करायची म्हटलं तर मला लाज वाटेल.

मालवण
मी तटरक्षक दलात होतो, काही वर्षं तमिळनाडूत मंडपमला. २०२२ मध्ये श्रीलंकेत महागाई भडकली तेव्हा धनुष्कोडीच्या पुढच्या वाळूच्या बेटांवर माणसं सापडू लागली. नाववाले रात्री उतरवून पळून जायचे. एका वेळी आम्ही गेलो तर एक बाई बाळाला पदराखाली घेऊन वाळूत बसलेली. भरती चढत होती, पाणी पायाला लागलेलं. मी मच्छीमाराच्या घरातला, भरती म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. अजून तासभर उशीर झाला असता तर बेट पाण्याखाली. आधीच्या काळात आलेली हजारो माणसं तमिळनाडूतल्या छावण्यांत आहेत. कुटुंबप्रमुखाला महिन्याला हजार रुपये मिळायचे, २०२१ मध्ये तमिळनाडूने दीड हजार केले. दीड हजारात आमच्याकडे एका सुरमईच्या जेवणावळीचो खर्च भागत नाय. माझी सही धरा.

महाड
मला आधी राग आला हा धागा बघून. २२ जुलै २०२१ ला तळियेत दरड कोसळली, माझी मावशी त्यात गेली. वाचलेले कंटेनरच्या घरांत राहिले. उन्हाळ्यात पत्रा एवढा तापायचा की दुपारी दार उघडं टाकून झाडाखाली बसायचं. आपल्या माणसांना पक्कं घर मिळायला वर्षं लागतात आणि आपण परक्यांसाठी भांडायचं?
पण नंतर गावच्या तलाठ्याशी बोललो. दरड, पूर, वादळ यांची मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते, त्यात तीन हिस्से केंद्राचे, एक राज्याचा. हा खर्च वेगळ्या खात्यावरचा. तमिळांचे पैसे कापले म्हणून तळियेला एक वीट जास्त मिळणार नाही. आणि कंटेनरमध्ये राहिलेल्या मामाला विचारलं, तर तो म्हणाला, "तात्पुरतं घर म्हणजे काय ते मला विचार. त्यांची तर तिसरी पिढी तिथं." सही करतो. मात्र पत्रात आपल्या दरडग्रस्तांचीही एक ओळ घाला.

धागाकर्ता
घातली. महाडकर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, माझ्या पत्रातही हाच मुद्दा राहिला होता.

पत्र एका पानात ठेवलंय. तीन मागण्या: योजनेची तरतूद मागच्या पाच वर्षांपेक्षा कमी नको, छावणीतल्या मासिक मदतीत महागाईप्रमाणे वाढ हवी, आणि गृह मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांवर चर्चा होईल तेव्हा खासदारांनी हा विषय सभागृहात उठवावा. खालची ओळ दरडग्रस्तांच्या पुनर्वसनाची. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि रायगड, दोन्ही मतदारसंघांच्या वेगळ्या प्रती आहेत. स्वतःचा अनुभव दोन ओळींत हाताने लिहा, छापील सह्यांपेक्षा त्याला वजन येतं.

बाबांनीही लिहिलंय. मोबाईलवर जमेना म्हणून वहीच्या पानावर, तंबूतल्या पाण्याच्या रांगेपर्यंतच. पुढचं सांगायला नको म्हणाले.

मंडणगड, गुहागरकडचे कुणी असाल तर शनिवारी दापोली एसटी स्टँडवर सकाळी दहाला या, सह्यांचे कागद माझ्याकडे असतील. म्हसळ्याच्या ताई, तुमच्याकडचे कागदही रायगडच्याच प्रतीला जोडायचे आहेत.