पाळणाघरातल्या ताईंना काढण्याच्या पत्रावर सही करू का? मदत हवी आहे

नमस्कार. थोडं मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आमची मुलगी वीस महिन्यांची आहे आणि गेले अकरा महिने पाळणाघरात जाते. तिथे लहान मुलांच्या खोलीत ज्या ताई असतात, त्यांच्यावरून पालकांच्या ग्रुपवर चार दिवस भांडण पेटलंय. रविवारपर्यंत मला एका पत्रावर सही करायची आहे, नाहीतर करणार नाही असं सांगायचंय.

झालं असं की एका पालकांना ताईंचं इन्स्टाग्राम अकाउंट सापडलं. त्यांनी सहा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकले. एकात हातात ग्लास, एकात सिगरेट, बाकीच्यांत मैत्रिणींबरोबर नाच. मग जे सुरू झालं ते वाचवत नव्हतं. ‘कपडे बघा हिचे’, ‘अशीच्या मांडीवर आपली पोरं झोपतात’. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र तयार. ताईंना ताबडतोब काढा, नाहीतर आम्ही मुलं काढून घेतो. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंना ते सोमवारी द्यायचं आहे. ताईंना यातलं काही माहीत आहे की नाही, कुणालाच ठाऊक नाही. त्या रोज सकाळी दारात हसून मुलं आत घेतायत, आणि मला त्यांच्या नजरेला नजर देववत नाही.

ताईंबद्दल मला जे प्रत्यक्ष माहीत आहे ते सांगतो. सुरुवातीचे तीन आठवडे मुलगी दारातच रडायची. ताईंनी तिला माझ्या कडेवरून एकदाही ओढून घेतलं नाही. खाली जमिनीवर बसायच्या, शेजारी एखादं खेळणं ठेवायच्या आणि ती आपणहून उतरेपर्यंत थांबायच्या. मला ऑफिसला उशीर व्हायचा, मी वैतागायचो, त्या मात्र शांत. आज मुलगी गाडीतूनच त्यांच्या नावाने हाका मारते. अकरा महिन्यांत त्यांच्या तोंडाला वास, तारवटलेले डोळे, मुलांवर खेकसणं असलं काही मला दिसलेलं नाही. सहीसाठी फोन करणाऱ्या तिघांना मी विचारलं, तुमच्या मुलाच्या बाबतीत काही घडलंय का? तिघांनीही नाही म्हणून सांगितलं.

म्हणून ग्लासचा मुद्दा मला पटत नाही. सुट्टीच्या दिवशी मोठ्या माणसाने काय प्यावं हे मी ठरवणार नाही. ती दारू सकाळी अंगात उरते का, एवढं विचारायचा हक्क मला नक्की आहे, कारण यकृत तासाला साधारण एका लहान पेगाइतकीच दारू पचवतं आणि अंघोळ केली, कॉफी घेतली म्हणून तो वेग वाढत नाही. पण फोटोवरून ते कळत नाही. फोटो कधीचा आहे हेही कळत नाही, टाकल्याची तारीख आणि काढल्याची तारीख वेगळी असू शकते. सिगरेटचं थोडं वेगळं आहे. निकोटीन कपड्यांवर आणि कातडीवर चिकटून राहतं, आणि या वयाची मुलं हाताला लागेल ते तोंडात घालतात, ताईंची ओढणीसुद्धा. तेव्हा कामावर येताना धुतलेले कपडे आणि स्वच्छ हात हवेत, एवढं मागणं रास्त वाटतं. त्यासाठी कुणाची नोकरी घालवायची?

आता जे मी अजून ग्रुपवर बोललेलो नाही ते. स्क्रीनशॉट आल्यावर मीही ते अकाउंट उघडलं आणि अर्धा तास बघत बसलो. एखाद्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं, तरी बघितलं. दोन गोष्टी सापडल्या आणि त्या दोन्हींबद्दल ग्रुपवर चकार शब्द नाही.

पहिली म्हणजे झोपेच्या खोलीतली एक छोटी रील. कुणाचा चेहरा नाही. पण मागे आमच्या मुलीचं पिवळं पांघरूण दिसतं, एका मुलाला नावाने हाक मारलेली ऐकू येते आणि भिंतीवर पाळणाघराचं नाव आहे. अकाउंट सगळ्यांना खुलं. कोणतं मूल, कुठे, किती वाजता झोपलेलं असतं हे कुणाही अनोळखी माणसाला तीस सेकंदांत समजेल. ताईंनी हे कौतुकानेच टाकलंय, खाली लिहिलंय ‘माझी पिल्लं’. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या सोळाव्या कलमात मुलाचा खासगीपणा मान्य केलेला आहे, आणि वीस महिन्यांच्या मुलीला तो स्वतः मागता येत नाही, तो आम्हीच राखायचा. पाळणाघराला स्वतःच्या पानावर फोटो टाकण्याची परवानगी आम्ही प्रवेशाच्या वेळी दिली होती. कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलबद्दल त्या अर्जात एक ओळ नव्हती आणि आम्हीही विचारलं नाही. तो दोष एकट्या ताईंचा कसा म्हणू?

दुसरी गोष्ट मला जास्त छळतेय. आठवड्यातून तीन-चार वेळा पहाटे दोन-अडीचला टाकलेलं काहीतरी असतं, ‘शिफ्ट संपली’, ‘आता घरी’. अंगावर कार्यक्रमांत पाहुण्यांना वाढणारी मंडळी घालतात तसला गणवेश. म्हणजे ताई रात्री दुसरं काम करतात. आणि सकाळी साडेसातला पाळणाघराचं दार त्याच उघडतात.

सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकं ढासळतं, हे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात मोजलं गेलं. २४ तासांनी ते ०.१० टक्क्यांच्या जवळ जातं. ताई मधे तीन-चार तास झोपत असतील, तरी आठवड्यातून चार दिवस? त्या खोलीत सात मुलं आहेत, त्यातलं एक सहा महिन्यांचं. घशात काही अडकलं तर मूल ओरडत नाही, हवाच जात नाही तर आवाज कुठून येणार, आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तिथे जाग्या माणसाची नजरच हवी, दुसरं काही उपयोगाचं नाही. ग्लासवरून एवढा गदारोळ, आणि झोपेबद्दल कुणी विचारतच नाही.

बायकोचं म्हणणं, हे काकूंना सांगितलंस तर पत्रापेक्षा वाईट होईल, दुसरी नोकरी लपवली म्हणून त्या लगेच काढतील. न सांगितलं आणि काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

तर विचारायचं हे. आधी ताईंशी बोलू की काकूंशी? ताईंशी बोललो तर ‘मी तुमचं अकाउंट बघितलं’ हे कसं सांगू? आणि ग्रुपवर सही नाकारताना काय लिहू, म्हणजे वाद न वाढता निदान ते स्क्रीनशॉट तरी काढले जातील? पाळणाघर चालवणारं किंवा तिथे काम करणारं कुणी इथे असेल तर त्यांचं मत मला जास्त हवंय.

संपादन, शनिवार रात्र : सगळ्यांचे मनापासून आभार. ‘तुम्ही पुरुष आहात म्हणून तुम्हाला तिची दया येते’ असं एकांनी लिहिलंय. त्यावर दिवसभर विचार केला. दया नाही, मुलीला हाताळताना मी त्यांना पाहिलंय त्यावरून बोलतोय. स्क्रीनशॉट एखाद्या काकांचे असते तर ग्रुपवर कपड्यांचा विषय निघाला असता का, हेही मनात आलं.

ज्या ताईंनी स्वतः पाळणाघरात बारा वर्षं काम केल्याचं लिहिलंय, त्यांचा सल्ला मानला. आज दुपारी मुलीला घ्यायला गेलो तेव्हा ताईंना बाजूला बोलावून खरं ते सांगितलं, ग्रुपवर फोटो फिरतायत, मीही बघितले, माफ करा, पण दोन गोष्टी बोलायच्या आहेत. रीलचं ऐकून त्यांनी तिथल्या तिथे ती काढून टाकली, ‘पांघरूण दिसेल हे लक्षातच आलं नाही दादा’ म्हणाल्या. रात्रीच्या कामाचं विचारल्यावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, दोन्ही पगार मिळून घर चालतं. सकाळऐवजी अकराला आलं तर झोप होईल, पण ते काकूंना विचारायची भीती वाटते. मी बरोबर येऊ का विचारलं. सोमवारी, पत्र पोचायच्या आधी, आम्ही दोघं काकूंना भेटणार आहोत.

ग्रुपवर एवढंच लिहिलंय : ‘मी सही करणार नाही. कुणाच्या मुलाला काही त्रास झाला असेल तर सांगा, मी सोबत येईन. ते फोटो कृपया काढा.’ आत्तापर्यंत दोघांनी खासगीत मेसेज करून सही मागे घेतो म्हटलंय. फोटो अजून तिथेच आहेत.

आता एकच विचारतो. साडेसात ते अकरा त्या खोलीत कोण असेल, हा काकूंचा पहिला प्रश्न असणार. तुमच्या पाळणाघरात अशी वेळ वाटून घेतलेली आहे का? दोन जणींत काम कसं विभागतात, तान्ह्या बाळाची जबाबदारी कुणाकडे असते? सोमवारी हातात काहीतरी ठोस घेऊन जायचंय.