डक्टमधून येणारा सिगारेटचा धूर : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-६०४ : सर्वांना नमस्कार. तीन महिने पूर्ण होईपर्यंत अशी बातमी बाहेर सांगू नये, ही आमच्या घरची रीत आहे. तरीही सासूबाईंना विचारूनच हे लिहिते आहे. मला सातवा आठवडा सुरू आहे. आमच्या न्हाणीघराच्या डक्टमधून आणि जिन्यातून रोज रात्री सिगारेटचा धूर घरात येतो. बाळाचे अवयव नेमके याच आठवड्यांत घडतात, आणि दिवस राहिल्याचे कळण्याआधीही मी हा धूर घेतलाच असणार, या विचाराने झोप लागत नाही. कोणावर ठपका ठेवायचा नाही. पण आजवरच्या धुराने काही बिघडले असेल का आणि पुढे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बी-२०१ : अगं, आधी मनापासून अभिनंदन. आमच्या वेळी सासरे ओटीवर बसून विड्या ओढत असत आणि तरीही आमची मुले धडधाकट झाली, तेव्हा इतके मनाला लावून घेऊ नकोस. डक्टकडची खिडकी बंद ठेव आणि वास जाईपर्यंत घरात थोडा धूप फिरव.

सी-१०३ (डॉक्टरकाकू) : काकूंचा धीर देण्याचा हेतू मला समजतो, पण धूप फिरवू नकोस; तोही धूरच आहे.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाविषयी. अनेक अभ्यास एकत्र करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या पण दुसऱ्यांच्या धुरात वावरणाऱ्या गर्भवतींमध्ये बाळ पोटातच दगावण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी आणि जन्मजात व्यंगाचे सुमारे १३ टक्क्यांनी अधिक आढळले. गर्भपातात मात्र तशी स्पष्ट वाढ दिसली नाही. हे आकडे वाचून घाबरू नकोस, कारण एरवीही शंभरातल्या दोन-तीन बाळांत काही ना काही जन्मजात दोष असतो, आणि तीन धरले तरी त्यात १३ टक्के वाढ झाल्यावर साडेतीनसुद्धा होत नाहीत. बाळाचे वजन थोडे कमी भरणे, हा परिणाम अधिक पक्का सिद्ध झालेला आहे, आणि तिथे पुढचे महिनेही महत्त्वाचे असल्यामुळे धूर आज थांबला तरी बाळाला लाभच आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि वारेतून बाळापर्यंत जातो, पण स्वच्छ हवेत काही तासांतच तो निम्म्यावर येतो. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नकोस आणि धुराचा विषय तुझ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग. अकराव्या ते तेराव्या आठवड्यातील आणि पुढे अठरा-वीस आठवड्यांची सोनोग्राफी होणारच आहे.

खिडकी बंद केल्याने धूर कमी होतो, संपत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरल यांच्या २००६ च्या अहवालाने अशा धुराची कोणतीही पातळी निर्धोक नसल्याचे आणि पंखे किंवा वेगळी खोली यांनी पूर्ण संरक्षण मिळत नसल्याचे स्पष्ट नोंदवले आहे. म्हणून जिने धूर ओढलेला नाही तिनेच दारे-खिडक्या लावून कोंडून घ्यावे, हा उपाय मला मान्य नाही.

ए-३०४ : डक्टकडच्या खिडकीशी मी सिगारेट ओढतो. घरात नात असते, म्हणून मुद्दाम तिथे जातो. स्वतःच्या घरात काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असेच माझे मत आहे; तरीही विचारतो, की मी गॅलरीत किंवा गच्चीवर गेलो तर या मुलीचा त्रास थांबेल का?

सी-१०३ (डॉक्टरकाकू) : काका, डक्ट धुराड्यासारखी काम करते आणि खालचा धूर वरच्या न्हाणीघरांत पोहोचवते. तुम्ही सोडलेल्या धुराहून सिगारेटच्या जळत्या टोकाचा धूर कितीतरी जास्त असतो, त्यामुळे तोंड बाहेर काढून ओढल्याने फारसा फरक पडत नाही. गॅलरीतला धूरही वरच्या मजल्याच्या खिडकीत शिरतो. खिडक्यांपासून दूर, फाटकाबाहेर जाणे त्यातल्या त्यात बरे. नातीसाठीही तेच योग्य. सोडण्याचा विचार असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि मीही सोबत आहे.

सचिव : २००३ चा तंबाखूविषयक कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला बंदी करतात आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवतात; सदनिकेच्या आत काय चालते, ते त्यांत येत नाही. मात्र आपल्या सदनिकेतून इतर सभासदांना उपद्रव होऊ नये, असे उपविधी सांगतात, आणि जिना, लिफ्ट व पार्किंग यांबाबत सर्वसाधारण सभा ठराव करू शकते. हा विषय मी पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत घेत आहे. तोपर्यंत जिन्यात आणि लिफ्टसमोर फलक लागतील. रात्रपाळीचे वॉचमन जिन्यातच विडी ओढतात, त्यांच्याशी मी आज समक्ष बोलेन आणि त्यांना बसण्यासाठी फाटकाजवळ खुर्ची ठेवण्याची व्यवस्था करेन.

ए-३०४ : आज रात्रीपासून मी फाटकाबाहेर जाईन. ताई, तरीही वास आला तर ग्रुपवर न लिहिता थेट माझ्या घरची बेल वाजवावी.