बाबांना माटुंग्याला पानावर जेवायला न्यायचंय. जिना, वेळ आणि दिवसभराचा मार्ग याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. पुढच्या महिन्यात एका गुरुवारी महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरणार आणि रात्री त्याच गाडीने दादरहूनच परत फिरणार. मधला अख्खा दिवस आमचा आहे, आणि तो दादर-माटुंग्यात खाण्यात घालवायचा असं ठरलंय.

कारण बाबा. १९६९ साली ते माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजात डिप्लोमाला आले आणि चार वर्षं हॉस्टेलवर राहिले. रविवारी रात्री मेस बंद असायची, तेव्हा ही पोरं चालत माटुंगा स्टेशनपाशी रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये जायची. केळीच्या पानावर गरम भात, त्यावर रस्सम, आणि आपण ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाढणारा हलायचा नाही. हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. आजही घरी आमटी पातळ झाली की बाबा खूश होतात आणि हाताने भात कालवून ओरपतात. लग्नानंतर कामाच्या धबडग्यात पुन्हा तिकडे जाणं झालंच नाही. आता त्यांचं वय ७५. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परवा स्वतःहून म्हणाले, ‘एकदा तिथे जेवून येऊ या.’ बाबा स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत, म्हणून हे मला नीट जमवायचंय.

माझा खरा प्रश्न जिन्याचा आहे. बोर्डिंग पहिल्या मजल्यावर आहे ना? बाबा कठडा धरून सावकाश चढतात, पण जिन्यावर रांगेत उभं राहणं त्यांना झेपणार नाही. मागे एका शहरातल्या नव्या कॅफेत गेलो होतो. तिथे सगळी उंच स्टुलं. बाबांना बसताच येईना, ते उभ्यानेच कॉफी प्यायले. मला फार वाईट वाटलं. तसं पुन्हा व्हायला नको.

बाकीच्यांचंही थोडं बघायचंय. आईचा गुरुवारचा उपास असतो. दाजी मालवणचे, त्यांना मासे लागतात. भाचीला इराणी हॉटेल बघायचंय, तिने अजून एकही पाहिलेलं नाही. एवढं सगळं एका दिवसात, बाबांना फार न चालवता बसेल का? कुठून सुरुवात करावी?

माटुंगेकर: ताई, जरूर या. हो, बोर्डिंग पहिल्या मजल्यावर, मार्केटच्या इमारतीत आहे आणि जिना चढावा लागतो. दुपारचं जेवण सुरू होतानाच पोहोचा. पहिल्या पंगतीत बसलात तर जिन्यावर ताटकळावं लागत नाही. आधी फोन करून त्या दिवशीची वेळ विचारून घ्या. बसायला टेबलं-खुर्च्या आहेत, मांडी घालायची नाही. आत गेल्यावर पानावरचं जेवण मागा, ताटातलं नको. बाबांची आठवण पानाची आहे.

एक सांगतो, हमखास घोटाळा होतो. तुमचं माटुंगा स्टेशन मध्य रेल्वेचं, दादरच्या पुढचंच. ‘माटुंगा रोड’ पश्चिम रेल्वेवर आहे, तिथे उतरू नका. खरं तर गुडघ्याचं बघता लोकलचा पूल चढण्यापेक्षा दादर पूर्वेहून टॅक्सीच करा.

इराणीसाठी किंग्ज सर्कलला कूलर अँड कंपनी. १९३२ पासून आहे, कोपऱ्यावर, तळमजल्यावर. ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) आणि चहा घ्या. कॅफे मद्रासही जवळच आहे, पण तिथे टिफिन, म्हणजे इडली-डोशासारखा नाश्ता मिळतो, जेवण नाही. जेवणाआधी पोट भरू नका.

शिवाजीपार्ककर: सकाळ आमच्याकडे, म्हणजे दादर पश्चिमेला काढा. काकूंच्या उपासाला गोखले रोडवरच्या ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा आणि पियूष. इतरांसाठी सेनाभवनासमोर ‘आस्वाद’ची मिसळ, जिला २०१५ साली लंडनमध्ये बक्षीस मिळालं होतं. पण मी तुमच्या जागी असते तर बाबांना मिसळ दिली नसती. तिखट खाल्लं की दुपारी भूक मरते. त्यांना नुसता चहा द्या. दाजींचे मासे रात्रीवर टाका. गाडीच्या आधी ‘सिंधुदुर्ग’ किंवा ‘चैतन्य’, दोन्ही दादर पश्चिमेलाच. संध्याकाळी सातच्या आत बसा, नाहीतर गाडीची धाकधूक लागेल.

माटुंगेकर: दुपारच्या जेवणानंतर लगेच टॅक्सी पकडू नका. पाच उद्यानांकडे, म्हणजे फाइव्ह गार्डन्सला जा. हा सगळा भाग १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने (ब्रिटिश काळातल्या शहर सुधारणा संस्थेने) आखून वसवला, म्हणून रस्ते रुंद आहेत आणि झाडंही भरपूर. दक्षिणेकडची कुटुंबं इथे राहायला आली आणि त्यांच्या मागोमाग ही उपाहारगृहं आली. बाबांचं व्हीजेटीआयही त्याच बाजूला आहे. बाकावर बसून त्यांना जुन्या गोष्टी सांगू द्या, मग चारच्या सुमाराला कूलर.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे सकाळी दादर पश्चिम, दुपारी बोर्डिंग, मग बागेत विसावा आणि इराणी चहा, संध्याकाळी मासे. बाबांना वाचून दाखवलं. ‘पान’ हा शब्द ऐकून ते जरा थांबले आणि विचारलं, अजून ताक देतात का पेल्यात? कुणी अलीकडे जेवून आलं असेल तर एवढं सांगाल का? तिकिटं आज काढतेय, परतीच्या सगळ्यांच्या खालच्या बर्थ मिळतात का बघते.