परदेशात असताना कशाची आठवण आली? (मेतकूट-भातावरून सुचलेला धागा)

मऊभात:
काल धाकट्याला ताप होता, काही केल्या खाईना. शेवटी मऊ भात केला, आणि मेतकुटाची बरणी उघडल्याबरोबर जो वास आला ना, मी थेट २०११ च्या नोव्हेंबरात. आखेन, जर्मनी. वसतिगृहातली एवढीशी खोली, पाच वाजता मिट्ट काळोख, अंगात ताप आणि त्यात रविवार. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, पण तापात शनिवारी सामान कोण आणतंय? घरात तांदूळ तेवढे होते. भात गिच्च शिजवला, मीठ घातलं, एक घास खाल्ला आणि रडत बसले. पुरणपोळी नको, श्रीखंड नको, फक्त कुणीतरी "ऊठ गं, दोन घास खाऊन घे" म्हणावं इतकंच वाटत होतं. आईला फोन केला नाही, आवाजावरून तिला लगेच कळलं असतं. संध्याकाळी शेजारच्या खोलीतली इराणी मुलगी वाडगा घेऊन आली. मऊ भात आणि दही! त्यांच्याकडे त्या भाताला कतेह म्हणतात आणि आजारी माणसाला तोच देतात म्हणे. तिच्यासमोर अख्खा वाडगा संपवला. आता ती कुठे आहे माहीत नाही, पण काल बरणी हातात असताना तीच आठवली.
तुमचं पण लिहा. सणाचंच हवं असं नाही, रोजचं लिहा.

सांडगी मिरची:
अगं बाळ कसंय आता? उतरला का ताप?

दर्यावर्दी:
तुम्हाला निदान दुकान तरी आहे. मी रत्नागिरीचा, सहा वर्षं बोटीवर. चारी बाजूंनी समुद्र आणि ताटात गोठवलेला मासा, तोही कुठला ते कुकलाच ठाऊक. आईने बॅगेत पुरचुंडीभर तिरफळं दिलेली. एकदा कुकच्या हातापाया पडून बांगडे मिळवले आणि तिखलं केलं, तिरफळं ठेचून घातली. माझ्याबरोबरचा फिलिपिनो पोरगा वास घेऊन आत आला, जेवला आणि मग त्याच्या आईबद्दल तासभर बोलत बसला. पुरचुंडी अजून कपाटात आहे, रिकामी. वास येतो.

अंबाडी:
मी अमरावतीची, २०१६ पासून फोर्ट वेन, इंडियाना. इथं ब्रह्मदेशातून आलेले लोक खूप आहेत, त्यांची दुकानं पण आहेत. पहिल्या हिवाळ्यात सहज एका दुकानात शिरली तर भाजीत लाल देठाच्या जुड्या! पान तोडून तिथंच चावलं. आंबट! अंबाडीच की हो! दुकानातल्या बाईला इंग्रजी फारसं येत नव्हतं, ती म्हणे चिन बाउंग, मी म्हणते अंबाडी, दोघी हसतोय. चार जुड्या आणल्या, ज्वारीच्या कण्या नव्हत्या तर तांदळाची कणी घातली, वरून लसणाची कच्चकन फोडणी. नवऱ्याने (पुण्याचा आहे) पहिल्यांदाच खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. ज्वारीचं पीठ मात्र इथं ग्लूटेन नसलेल्या महागड्या पिठांच्या फळीवर मिळते, भाकरी थापताना चिरते हो फार, कोणी उपाय सांगा.

तांबडा रस्सा:
@अंबाडी ताई पीठ जुनं असणार. उकळत्या पाण्यात भिजवा, झाकून ठेवा १० मिनिटं, मग चांगलं मळा, नाही चिरत. आमच्या कोल्हापुरात पण उन्हाळ्यात जुन्या पिठाचं असंच करतात.
माझं म्हणाल तर कुकरची शिट्टी. घरनं ॲल्युमिनियमचा कुकर नेला आणि तिकडं इंडक्शन, गरमच होईना. आठ महिने शिट्टीशिवाय. सकाळी जाग आली की घर एकदम गप्प. स्टीलचा मिळाला तेव्हा पहिली शिट्टी झाली आणि मी नुसता उभा राहिलो किचनमध्ये.

बादली-तांब्या:
सगळे खाण्यावर लिहिताय, अंघोळीचं कोणीच नाही! टोरंटोत पहिली दिवाळी, पहाटे पाचला उठून तेल-उटणं लावलं आणि मग लक्षात आलं की घरात बादली नाही तांब्या नाही, वर नुसता शॉवर. दुसऱ्या दिवशी ऑफिस होतंच. आता मुलांना टबात पाटावर बसवून तांब्याने घालते, बाहेर अंधार, आणि कारीट नाही म्हणून छोटी काकडी फोडतात.

सांडगी मिरची:
काकडी!! किती गोड.

अळूवडी:
अंबाडीवरून आठवलं, आमच्या ऑकलंडला ओटाराचा शनिवारचा बाजार. सामोआ, टोंगाचे लोक अळूची पानं विकतात, ते नारळाच्या दुधात शिजवतात. मी पानं उलटी करून शिरा बघत होते तर विकणाऱ्या आजीने विचारलं काय करणार, हाताने गुंडाळून दाखवलं. पुढच्या शनिवारी वड्या घेऊन गेले तिच्यासाठी. चिंच भरपूर घाला हं, पान खाजरं निघतं कधीकधी.

क्वार्क:
@मऊभात आखेन म्हणजे तुम्हाला क्वार्क (चक्क्यासारखं जर्मन चीज) मिळत असणार! चक्का बांधायची गरजच नाही, ४० टक्के फॅट लिहिलेला घ्यायचा, साखर वेलची केशर. पाडव्याला मी तेच करते म्युनिकमध्ये.

मऊभात:
@क्वार्क हो गं, पण ते मला दुसऱ्या वर्षी कळलं :)

निळा डबा:
माझं थोडं वेगळं आहे. आई दरवर्षी गोडा मसाला द्यायची. २०१९ चा डबा शेवटचा. २०२० च्या एप्रिलमध्ये ती गेली, विमानं बंद, मी इथे स्क्रीनवर बघत होते. मसाला पुरवून पुरवून वापरला, संपला. डब्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे, "आमटीला १ चमचा, जास्त नको". आता मी करते त्याच डब्यात, दगडफूल भारतातूनच मागवते. चिठ्ठीवर पाणी लागू नये म्हणून डबा पुसत नाही, ओल्या हाताने कोणाला धरू देत नाही. आमटीला मात्र मी दीड चमचा घालते, ती असती तर ओरडली असती.

सांडगी मिरची:
काय लिहू. तुला खूप खूप प्रेम गं.

दर्यावर्दी:
ताई, चिठ्ठीवर पारदर्शक टेप लावा दोन थर. आम्ही बोटीवर कागद तसेच टिकवतो. आजच लावा.

निळा डबा:
लावते दादा. डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटचा डझन:
लंडन. २०१४ च्या मे महिन्यात युरोपने फळमाशीपायी आपले आंबे बंद केले होते ते आठवतंय का कोणाला? त्या वर्षी माझी बायको पोटुशी, आणि तिला हापूसच हवा. वेम्बली, साउथॉल सगळं पालथं घातलं, पाकिस्तानी आंबे होते, गोड होते पण ती म्हणे हा तो नाही. शेवटी डब्यातला रस आणला. पुढच्या वर्षी बंदी उठली तेव्हा लेकीने पहिल्यांदा आंबा चाटला, सगळ्या तोंडाला. तो फोटो भिंतीवर आहे.

अनारसे:
दुबईला येणाऱ्यांनो, खसखस आणू नका, इथे चालत नाही. सासूबाईंना किती वेळा फोनवर समजावलं. आम्ही अनारसे तिळावर थापतो, जाळी पडते छान. सासूबाई म्हणतात हे अनारसे नव्हेत, पण आल्या की चार खातात.

सांडगी मिरची:
@मऊभात मेतकुटाचं प्रमाण दे ना, आणि बाळाचं सांगितलंच नाहीस.

मऊभात:
ताप उतरला ताई, आज दोन वाट्या खाल्ला. १ वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ, मूठभर गहू, १ चमचा जिरे, मोहरी अर्धा, मेथी पाव चमचाच. सगळं वेगवेगळं कोरडं भाजायचं, मंद आचेवर, घाई नको. गार झाल्यावर सुंठ हळद हिंग आणि दोन सुक्या मिरच्या घालून बारीक दळ.

अंबाडी:
तांबडा रस्सा भाऊ, भाकरी फुगली! आता दळायला बसते मेतकूट, पण मिक्सर ११० व्होल्टचा आहे, डाळ बारीक होईन का?