इंटरफेरॉन विषाणूला मारत नाही, मग हिपॅटायटिस बी मध्ये काम कसं करतं?

बीफार्म_तिसरं_वर्ष
पेगइंटरफेरॉन अल्फा-२ए (इंटरफेरॉन या प्रथिनाचं शरीरात जास्त वेळ टिकणारं रूप) आठवड्यातून एकदा १८० मायक्रोग्रॅम, ४८ आठवडे, त्वचेखाली. इथपर्यंत पाठ आहे. पुस्तकात पुढे ‘प्रतिकारशक्ती वाढवतं’ एवढंच. टेनोफोविर ही गोळी विषाणूचं पॉलिमरेज (डीएनए बनवणारं विकर) अडवते हे कळतं, पण इंटरफेरॉन नेमकं कशाला चिकटतं? आणि उपचार चालू असताना एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) चढला तर औषध बाधलं समजायचं की लागू पडलं?

पेशीभान
विषाणूला ते हातही लावत नाही, आपल्याच पेशीला सावध करतं. पेशीच्या आवरणावर आयएफएनएआर-१ आणि आयएफएनएआर-२ हे ग्राही असतात. इंटरफेरॉन त्या दोघांना जवळ आणतं. आतल्या बाजूला त्यांना टायके-२ आणि जॅक-१ ही किनेज विकरं जोडलेली असतात. ती जागी होऊन स्टॅट-१ आणि स्टॅट-२ या निरोप्या प्रथिनांना फॉस्फेट लावतात. या दोघांना आयआरएफ-९ हे तिसरं प्रथिन येऊन मिळालं की त्रिकूट केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं चालू होतात.

त्या जनुकांतून बनणारी दोन प्रथिनं नीट समजून घ्या. पीकेआर हे विषाणूचा दुपदरी आरएनए दिसला की ईआयएफ-२ अल्फाला (प्रथिन बनवायला लागणारा घटक) फॉस्फेट लावतं आणि पेशीतली प्रथिननिर्मिती थांबवतं. ओएएस तोच आरएनए ओळखून २-५ए नावाचा रेणू बनवतं, तो आरनेज-एल हे विकर चालू करतो आणि आरनेज-एल आरएनएचे तुकडे पाडतं. म्हणजे इंटरफेरॉन फक्त बंदूक भरून ठेवतं, चाप विषाणूच्या आरएनएमुळे ओढला जातो. निरोगी पेशी सहसा बचावते ती यामुळेच.

हिपॅटायटिस बी ची खरी गोम मात्र सीसीसीडीएनएमध्ये आहे, म्हणजे यकृतपेशीच्या केंद्रकात ठाण मांडून बसलेल्या विषाणूच्या गोल डीएनएमध्ये. टेनोफोविर तिथवर पोचत नाही. इंटरफेरॉनमुळे त्या डीएनएवरून होणारी नक्कल दबते, आणि एपोबेक-३ए सारखी विकरं त्याची मोडतोड करू शकतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय.

यकृतकट्टा
एसजीपीटीबद्दल: दोन्ही शक्य आहे, एकटा आकडा काही सांगत नाही. सोबत विषाणूचा डीएनए आणि एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं प्रथिन) उतरत असेल, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) जागेवर असेल, तर बाधित पेशींची सफाई चाललीय असं मानायला जागा आहे. डोस कमी करूनही एसजीपीटी चढतच राहिला किंवा बिलिरुबिनही वाढलं, तर औषध बंद. यकृत आधीच निकामी होत आलेल्या सिरोसिसमध्ये हे देत नाहीत ते याच भीतीने: सफाईचा भार उरलेल्या पेशींना पेलत नाही.

‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्यही ढोबळ आहे. बाधित पेशी मारणाऱ्या दोन प्रकारच्या पेशींपैकी एनके पेशी जोरात येतात, पण सीडी-८ टी पेशींची संख्या याच उपचारात घटते.

कोल्डचेन
वापराबद्दल: इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवा, गोठवू नका, हलवू नका, उजेडापासून दूर. प्रथिन आहे, एकदा गोठलं की फेकायचं. टोचल्यावर काही तासांत ताप, अंगदुखी येते. म्हणून बरेच जण रात्री घेतात, पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून. न्यूट्रोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) ७५० च्या खाली गेले तर डोस १३५ वर आणतात, ५०० च्या खाली थांबवतात. प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या तर ९०, २५,००० च्या खाली बंद. टीएसएच (थायरॉइडची चाचणी) अधूनमधून तपासायचंच. आणि मनःस्थिती: नैराश्य हा इथे ‘किरकोळ’ दुष्परिणाम नाही, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बीफार्म_तिसरं_वर्ष
धन्यवाद सगळ्यांना. मग प्रतिसाद कमी असेल तर डोस वाढवून भागेल का?

पेशीभान
नाही. चालू झालेल्या जनुकांतच लगाम असतो. त्यांतून बनणारं एसओसीएस-१ हे प्रथिन जॅकला आवरतं, यूएसपी-१८ हे दुसरं प्रथिन आयएफएनएआर-२ ला चिकटून संदेश दाबतं. पेशी काही काळ बहिरी होते. आणखी इंटरफेरॉन ओतलं तर प्लेटलेट मात्र पडतात. हिपॅटायटिस सी मध्येही हेच दिसलं: ज्यांच्या यकृतात ही जनुकं उपचाराआधीच चढलेली होती, त्यांना इंटरफेरॉन कमी लागू पडायचं. त्यामुळे इथे डोस वाढवण्यापेक्षा वेळेत थांबवणं महत्त्वाचं. भारतात बऱ्याच जणांत असलेल्या विषाणूच्या डी जनुकप्रकारात, एचबीईएजी (विषाणूचं आणखी एक प्रथिन) पॉझिटिव्ह रुग्णाचा एचबीएसएजी १२ आठवड्यांत जराही उतरला नसेल, तर पुढचे ३६ आठवडे ताप सोसून हाती फारसं लागत नाही. तिथे टेनोफोविर किंवा तशाच एन्टेकाविरचा विचार करतात.