न मागता वाचवायला आलेली माणसं : तुमचे अनुभव

रातराणी
परवा भाचीचा फोन आला, नागपूरच्या हॉस्टेलमधून. वर्गातल्या एका मुलाने तिला मेसेज टाकला होता, "तू त्याला बोलू शकत नाहीस, म्हणून तुझ्या वतीने मीच सांगून टाकलं." ऐकून माझे हात गार पडले. हेच वाक्य मी 2006 मध्ये लॉ कॉलेज चौकात भर दुपारी ऐकलं आहे.

एमएस्सीचं पहिलं वर्ष होतं. ज्याच्यावर माझं प्रेम होतं, त्याचा जीव दुसऱ्या एका मुलीतही अडकला होता. मला ते माहीत होतं. आम्ही भांडत होतो, बोलत होतो, मध्येच आठ-आठ दिवस अबोला. मी रडत होते, पण एकही प्रॅक्टिकल बुडवलं नव्हतं आणि काय करायचं ते माझ्या मनात ठरत आलं होतं. ग्रुपमधल्या एकाला मात्र वाटलं की मी संपत चालले आहे. तो आधी वर्ध्याला, माझं ज्याच्यावर प्रेम होतं त्याच्या घरी जाऊन आला, मग माझ्या दादाला भेटला. मी त्याच्याजवळ विश्वासाने बोललेलं सगळं दादासमोर मांडलं. घरचे घाबरले आणि वर्ष अर्धवट टाकून मला यवतमाळला घेऊन गेले. आईने त्या मुलाला घरी बोलावून जेवू घातलं, उपकार झाले म्हणून. काही महिन्यांनी त्यानेच मला मागणी घातली.

ज्याच्यावर प्रेम केलं त्याच्यावरचा राग कधीच निवला. ह्याच्यावरचा नाही. रडणाऱ्या माणसाचं डोकं बंद पडलेलं नसतं. तो निर्णय माझा होता आणि मला तो घेऊच दिला नाही.

असं कोणाकोणाच्या वाट्याला आलंय? लिहा, कितीही जुनं असलं तरी.

तर्रीपोहा
अवो ताई, वाचून कसंतरीच झालं. अन् वरून मागणी घातली त्यानं! काय म्हणावं बाप्पा. तुम्ही नाही म्हटलं नं?

रातराणी
हो, नाही म्हटलं. त्यावरूनही घरात सहा महिने धुसफूस चालली. "एवढं केलं त्याने तुझ्यासाठी."

महालकर
बुटीबोरीले कंपनीत होतो तेव्हाची गोष्ट. एक पोट्टी आवडत होती, तिले आमच्याच लाइनवरचा दुसरा आवडत होता. मले समजलं होतं, मी गप होतो. रोज बसमध्ये हाय-हॅलो व्हायचं, तेवढ्यात मी खूश होतो. पण दोस्त लोकांले माहं तोंड पाहवेना. अंबाझरीले ग्रुप जाऊन राहिला म्हणून तिले घेऊन आले अन् आम्हा दोघांले बाकावर बसवून सगळे निघून गेले. वरून त्या दुसऱ्याले फोन करून दम दिला. मी कोणाले काही सांगितलंच नव्हतं! ती घाबरली. रडत रिक्षानं घरी गेली, पंधरा दिवसांत नोकरी सोडली. माहं जाऊ द्या, तिचा पगार गेला. तिच्या घरी त्या पगाराची गरज होती, हे मले माहीत होतं.

कूलरवाली
वाचून राहिली. कुकर लावला आहे, नंतर लिहिते.

इतवारीकर
अंबाझरीचं नाव काढलं अन् कॉलेज आठवलं. आम्ही फुटाळ्याले बसायचो. संध्याकाळी भुट्टा खात. आता किती गर्दी असते तिथं!

तर्रीपोहा
@इतवारीकर मे महिन्यात 45 च्या वर पारा गेला तरी लोक असतात तिथं. बरं, महालकर, ती पुढे भेटली का कधी?

महालकर
नाही. अन् मी शोधलंही नाही. आणखी त्रास कायले द्यायचा.

समुपदेशक_धंतोली
रोज हेच ऐकते, म्हणून थोडं लांबवते. स्टीफन कार्पमन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1968 मध्ये एक त्रिकोण मांडला: पीडित, छळणारा आणि तारणहार. प्रेमाचा त्रिकोण वेगळा, पण दोन्ही बरेचदा एकमेकांवर बसतात. तारणहाराला कोणीतरी दुबळं लागतं, तरच त्याला काम असतं. म्हणून तो समोरच्याला नकळत दुबळंच ठेवतो. आणि ह्या जागा बदलत राहतात. मदत नाकारली की तोच तारणहार म्हणतो, "एवढं करून मलाच वाईट ठरवलं!" म्हणजे आता पीडित तो झाला आणि छळणारी तुम्ही. रातराणी, तुमच्या घरातली धुसफूस हीच.

खरी मदत करणारा आधी विचारतो, तुला काय हवंय? आणि उत्तर "काही नको" आलं तर थांबतो. जिवाचा धोका किंवा मारहाण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वाट बघायची नाही, सरळ 112 ला फोन. मनावर ताण असेल तर टेली मानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

जुनी_धरमपेठ
माझं मत थोडं वेगळं. माझी मैत्रीण एका लग्न झालेल्या माणसात पार गुंतली होती. मी मध्ये पडले, आज ती माझे आभार मानते. सगळेच मध्ये पडणारे वाईट नसतात हो.

रातराणी
ताई, तिने तुम्हाला बोलावलं होतं का?

जुनी_धरमपेठ
हो. रात्री दीडला फोन करून म्हणाली, ये, मला घेऊन जा.

रातराणी
मग तुम्ही जे केलं त्याला मी मैत्री म्हणते. मी ज्याबद्दल लिहिलं ते हे नव्हेच.

मोगरा_बेसा
मी तारणहाराची बायको. ही बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते, मुलाचा अभ्यास घेता घेता, तुकड्या-तुकड्यात.

नवऱ्याच्या कॉलेजमधल्या मैत्रिणीचा घटस्फोट चालू होता. कधीकाळी ह्यांचं तिच्यावर मन होतं, हे मला लग्नाआधीच सांगितलेलं. मला त्याचं काही नव्हतं. पण मग सुरू झालं. तिचा गॅस सिलिंडर, तिच्या मुलीची फी, तिच्या वकिलाकडे जाणं, रात्री अकराला "ती एकटी आहे, जाऊन येतो". मी काही म्हटलं की "तुला माणुसकी नाही". आमच्या मुलाला ताप होता त्या रात्रीही गेले. सासूबाई मला म्हणायच्या, लक्ष ठेव. अपार्टमेंटमधल्या बायका तिच्याकडे बघून कुजबुजायच्या. तिच्या नवऱ्याच्या वकिलाने तर ह्यांच्या तिच्याकडच्या फेऱ्यांचा विषय कोर्टात काढला, म्हणजे जिला वाचवायला निघाले तिचीच केस नासवली.

आणि एक दिवस तीच माझ्याकडे आली. सरळ. चहा घेतला आणि म्हणाली, "वहिनी, मी ह्याला तीनदा सांगितलं, नको येऊ. मला सिलिंडर बुक करता येतो. हा माझ्या दारात उभा राहतो आणि मी आणखी बिचारी दिसते." इतके महिने मी तिचा राग करत होते आणि तिला माझ्याइतकाच त्रास होत होता. त्या संध्याकाळी हे घरी आले तेव्हा आम्ही दोघी समोर बसलो होतो. काय बोलायचं ते ती बोलली. हे चिडले, मग आठवडाभर गप्प. आता समुपदेशनाला जातो आम्ही. फरक पडतो आहे, हळूहळू.

तर्रीपोहा
मोगरा ताई 🙏 लई हिंमतीची तुम्ही, अन् तीही.

काळाकोट
रातराणी, तुमच्या वेळी कायद्यात ह्यासाठी वेगळं कलमच नव्हतं. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुरुष वारंवार पाठलाग किंवा संपर्क करत राहिला तर तो गुन्हा, हे 2013 मध्ये भारतीय दंड संहितेत 354 ड म्हणून आलं. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे. "तिच्या भल्यासाठी करत होतो" म्हटलं म्हणून सुटका होत नाही. भाचीला म्हणा, नकार लेखी दे, मेसेज डिलीट करू नको.

इतवारीकर
हो, भाचीचं काय झालं पुढे?

रातराणी
मी तिला विचारलं, येऊ का नागपूरला? "नको मावशी, फक्त ऐक." मग ऐकलं, तासभर. मी काही सुचवायच्या आधीच तिने त्या मुलाला स्वतः लिहिलं होतं, "माझ्या वतीने पुन्हा कोणाशीही बोलायचं नाही." काळाकोट, तुमचं लेखी नकाराचं सांगते तिला. स्क्रीनशॉट तिने ठेवलेत.

कूलरवाली
आली. माझं एवढंच, माझ्या बहिणीला तिच्या जाऊबाईने "वाचवलं" होतं. बहिणीच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या बाईचे फोटो सगळ्या सासरच्या ग्रुपवर टाकून. बहीण ते आधीपासून जाणून होती, लेकीची दहावीची परीक्षा होईपर्यंत थांबायचं तिने ठरवलं होतं. पोरीला ते फोटो बोर्डाच्या पेपरच्या आदल्या दिवशी दिसले. आजही जाऊबाई म्हणतात, मी होते म्हणून कळलं.

महालकर
बाप रे. त्या पोरीचे पेपर कसे गेले?

कूलरवाली
पास झाली. आता इंजिनिअरिंगला आहे. पण काकूशी बोलत नाही ती.

इतवारीकर
मोगरा ताई, ती मैत्रीण आता कशी आहे?

मोगरा_बेसा
बरी आहे. मिहान प्रकल्पातल्या एका कंपनीत नोकरी लागली. मेट्रोने खापरीपर्यंत जाते, पुढे ऑफिसची गाडी येते. रविवारी लेकीला घेऊन माझ्याकडे येते कधीकधी. हे घरी असले की "काय चाललं" विचारतात, आणि आपलं पेपर वाचत बसतात.